सेरोटोनिन : गोठलेल्या रक्तातून हाती आलेले द्रव्य

वाशी, नेरूळ वा बेलापूरच्या कोणत्याही रोगनिदान प्रयोगशाळेत रक्त द्यायला गेलेल्या माणसाचे रक्त बहुधा दोन निरनिराळ्या नळ्यांत घेतले जाते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे रसायन आधीच घातलेले असते. लाल टोपणाच्या नळीत मात्र रक्त मुद्दाम गोठू दिले जाते. काही वेळाने गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर, निवळ द्रव उरतो. न गोठलेल्या रक्तातून पेशी वेगळ्या केल्यावर मिळणारा द्रव म्हणजे रक्तद्रव, आणि रक्त गोठल्यानंतर गुठळीपासून वेगळा होणारा द्रव म्हणजे रक्तरस. दोन्ही दिसायला जवळपास सारखेच असतात. परंतु रक्तरसात असे एक द्रव्य असते, जे रक्तद्रवात जवळजवळ नसते. रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडवून आणणारे हे द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती लागायला शरीरशास्त्रज्ञांना सुमारे ८० वर्षे लागली.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९४८ साली मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी गायीबैलांच्या रक्तरसातून ते स्फटिकरूपात वेगळे केले आणि त्याला ‘सेरोटोनिन’ हे नाव दिले. ‘सेरम’ म्हणजे रक्तरस आणि ‘टोन’ म्हणजे ताण. रक्तरसातील, रक्तवाहिन्यांना ताण देणारे द्रव्य, असा या नावाचा साधा अर्थ. आज हे नाव सर्वसामान्य वाचकाला ठाऊक आहे ते नैराश्यावरील गोळ्यांमुळे. मात्र त्याचा शोध मनोविकारांच्या अभ्यासातून लागला नाही. तो उच्च रक्तदाबाच्या संशोधनातून लागला, आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतील परळपर्यंत येऊन पोहोचतो.

जुने निरीक्षण, नवी अडचण

रक्तरसाचा हा गुण एकोणिसाव्या शतकातच लक्षात आला होता. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर श्मिट यांना १८६८ च्या सुमारास असे आढळले, की गोठण्याच्या क्रियेतून गेलेले रक्त प्राण्याच्या अवयवातून वाहवले असता रक्तवाहिन्यांचा प्रतिरोध वाढतो. पुढे १९०१ साली अ‍ॅड्रेनॅलिन शुद्ध रूपात मिळाल्यावर रक्तरसाचा परिणामही अ‍ॅड्रेनॅलिनमुळेच होत असावा, असा तर्क पुढे आला. १९१२ साली ओकॉनर यांनी रक्तद्रव आणि रक्तरस यांची तुलना करून हे द्रव्य वेगळेच असल्याचे दाखवले. ते वाहत्या रक्तात मोकळे नसते, तर रक्त गोठताना तयार होते वा मोकळे होते. त्याचा उगम रक्तातील बिंबाणूंशी, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत प्लेटलेटशी, असल्याचेही हळूहळू स्पष्ट झाले.

यानंतरची अनेक वर्षे या द्रव्याकडे उपद्रव म्हणूनच पाहिले गेले. एखादा अवयव शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यातून रक्त वाहवण्याचे प्रयोग त्या काळी सर्रास होत. रक्त जरा गोठले, की रक्तवाहिन्या आकसत आणि मूळ प्रयोगाचे निष्कर्ष बिघडत. ही अडचण कायमची दूर करावी, एवढाच हेतू पुढील शोधामागे होता.

उपायाविना रोग

त्या काळातील उच्च रक्तदाबाची स्थिती आज कल्पनेतही येणे कठीण आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पदावरील व्यक्तीलाही देता येईल असे परिणामकारक औषध वैद्यांपाशी नव्हते. मीठविरहित भाताचा कडक आहार, विश्रांती, झोपेची औषधे आणि फारच झाले तर स्वायत्त मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग उपलब्ध होते.

हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने अरुंद करून कायमचा उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवला. त्यामुळे रक्तात एखादे आकुंचक रसायन उतरत असले पाहिजे, या कल्पनेला बळ मिळाले. १९०१ साली इंडियानापोलिस येथे जन्मलेले अर्व्हिन पेज याच शोधात गुंतले होते. त्यांच्या गटाने १९३९-४० या काळात ‘अँजिओटोनिन’ ओळखले. त्याच सुमारास अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्सच्या गटालाही स्वतंत्रपणे तेच द्रव्य सापडले. दोन्ही नावांची तडजोड होऊन पुढे ‘अँजिओटेन्सिन’ हे नाव रूढ झाले. रक्तदाबाच्या रुग्णांना आज दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक मोठा गट याच द्रव्याला अडवतो.

पेज १९४५ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये आले. रक्तातील रक्तदाबवर्धक द्रव्ये मोजताना रक्तरसातील तो जुना आकुंचक घटक पुन्हा पुन्हा आड येत होता. तो नेमका काय आहे हे कळल्याखेरीज त्याला बाजूला सारणे शक्य नव्हते.

सुमारे ९०० लिटर रक्तरस

या कामासाठी पेज यांना दोन उत्तम सहकारी मिळाले. आर्डा ग्रीन या अनुभवी जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. सेंट लुइस येथे कोरी दांपत्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी फॉस्फोरिलेज हे विकर स्फटिकरूपात मिळवण्याच्या कामात मोलाचा वाटा उचलला होता. मॉरिस रॅपोर्ट हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९४६ साली पीएच. डी. मिळवून नुकतेच बाहेर पडलेले, विशीतले कार्बनी रसायनशास्त्रज्ञ होते.

द्रव्य रक्तरसात अत्यल्प प्रमाणात असल्याने कच्चा माल प्रचंड लागणार होता. तो कत्तलखान्यांतून मिळवण्यात आला. गुरांचे रक्त गोळा करून गोठू द्यायचे आणि त्यातून रक्तरस वेगळा करायचा, अशा रीतीने सुमारे ९०० लिटर रक्तरसावर प्रक्रिया झाली. त्यातून शेवटी हाती लागले ते काही मिलिग्रॅम स्फटिक.

अशा शुद्धीकरणाचे तत्त्व सोपे असले, तरी ते पार पाडणे किचकट असते. प्रथम मद्यार्क घालून प्रथिने खाली बसवली जातात. उरलेला द्रव आटवून निरनिराळ्या विद्रावकांत वाटला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर मिश्रणाचे अंश वेगळे होतात. यांपैकी इष्ट द्रव्य कोणत्या अंशात गेले, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी रॅपोर्ट आणि ग्रीन यांनी सशाच्या कानाचा आधार घेतला. सशाच्या वेगळ्या केलेल्या कानातील रक्तवाहिन्यांतून द्रव वाहत ठेवायचा आणि तपासायचा अंश त्यात सोडायचा. वाहिन्या आकसल्या की पलीकडे पडणारे थेंब कमी होतात. थेंब जितके कमी, तितके द्रव्य अधिक. निष्क्रिय अंश टाकायचा, सक्रिय अंश पुढे न्यायचा, असा हा क्रम होता. त्यातच हे द्रव्य हवेतील ऑक्सिजनमुळे सहज बिघडणारे असल्याने प्रत्येक टप्प्यावर काही भाग वाया जाण्याची भीती होती.

स्फटिक मिळाल्याची बातमी १९४८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विलगीकरणाचा सविस्तर वृत्तांत त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये आला.

रचनेचा उलगडा

स्फटिक मिळाले, म्हणजे द्रव्य ओळखले गेले असे नव्हे. रंगप्रक्रिया आणि अतिनील प्रकाशाचे शोषण यांवरून त्यात इंडोल या वर्गातील वलय असल्याची खूण मिळत होती. ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लातही हेच वलय असते. परंतु मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा हिशेब इंडोलशी जुळत नव्हता.

रॅपोर्ट तोवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. तेथे १९४९ साली त्यांनी हे कोडे सोडवले. तो स्फटिक एका द्रव्याचा नव्हता. त्यात रक्तातील क्रिएटिनीन आणि गंधकाम्ल यांच्या जोडीने मूळ आकुंचक द्रव्य बांधले गेले होते. ज्या क्रिएटिनीनचे प्रमाण आज मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी मोजले जाते, तेच येथे सोबतीला आले होते. स्फटिकाच्या वजनात खऱ्या सेरोटोनिनचा वाटा निम्म्याहूनही कमी भरतो. हा हिशेब वजा केल्यावर उरलेले द्रव्य ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामाइन असावे, असा प्रस्ताव रॅपोर्ट यांनी मांडला. त्याचे सूत्र कार्बन १०, हायड्रोजन १२, नायट्रोजन २ आणि ऑक्सिजन १ असे असून रेणुभार सुमारे १७६ आहे. वैद्यकीय लेखनात ते ‘५-एचटी’ या संक्षेपाने लिहिले जाते.

अमेरिकेतील औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत १९५१ साली हे संयुग कृत्रिम रीतीने तयार झाले. कृत्रिम द्रव्यही रक्तवाहिन्या तशाच आकसवते, हे दिसून आल्यावर रॅपोर्ट यांचा प्रस्ताव सिद्ध झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आता संशोधनासाठी कत्तलखान्यातील शेकडो लिटर रक्ताची गरज उरली नाही आणि जगभरच्या प्रयोगशाळांना हे द्रव्य उपलब्ध झाले.

आतड्यातील जुळे भावंड

इटलीत व्हिट्टोरिओ एर्स्पामर १९३० च्या दशकापासून एका वेगळ्याच वाटेने जात होते. जठर व आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींचा अर्क गुळगुळीत स्नायूंना आकसवतो, असे त्यांना आढळले होते. त्या द्रव्याला त्यांनी ‘एंटरामिन’ म्हटले. अष्टपाद या सागरी प्राण्याच्या लाळग्रंथींतही त्यांना ते सापडले. १९५२ साली एर्स्पामर आणि असेरो यांनी दाखवून दिले, की एंटरामिन आणि सेरोटोनिन हे एकच रसायन आहे.

यामुळे रक्तातील सेरोटोनिनचा उगमही स्पष्ट झाला. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात असते. तेथून रक्तात झिरपलेले द्रव्य बिंबाणू शोषून घेतात आणि आपल्या सूक्ष्म कोशिकांत साठवून ठेवतात. ते स्वतः मात्र ते तयार करत नाहीत. जखम झाली, की बिंबाणू एकत्र येतात आणि हा साठा मोकळा करतात. त्या जागची रक्तवाहिनी आकसते, आणखी बिंबाणू ओढले जातात आणि रक्तस्राव थांबण्यास मदत होते. लाल टोपणाच्या नळीतील रक्त गोठताना नेमके हेच घडते.

मेंदूत प्रवेश

हार्वर्ड विद्यापीठातील बेटी ट्वॅरोग या तरुण संशोधिका शिंपल्याच्या वर्गातील एका समुद्रजीवाच्या स्नायूवर काम करत होत्या. त्या स्नायूचा मज्जातंतू कोणत्या रसायनाने संदेश पोहोचवतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांना सेरोटोनिनमध्ये मिळाले. पृष्ठवंशी प्राण्यांच्या मेंदूतही ते असले पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली आणि त्या १९५२ साली क्लीव्हलँडला पेज यांच्याकडे आल्या. पेज यांचा या कल्पनेवर फारसा विश्वास नव्हता. तरीही त्यांनी ट्वॅरोग यांना प्रयोगशाळेत जागा दिली. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचे दाखवणारा दोघांचा निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. रक्तवाहिनी आकसवणारे द्रव्य मेंदूतील मज्जापेशींमधील संदेशवाहक ठरण्याच्या वाटेला लागले.

परळ ते क्लीव्हलँड

या कथेतील मुंबईचा धागा येथे जुळतो. परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर काय परिणाम होतो, याची पद्धतशीर तपासणी केली. मराठीत मुंगूसवेल, अडकई अशा नावांनीही ओळखली जाणारी ही वनस्पती आयुर्वेदात जुन्या काळापासून वापरात होती. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिच्या गुणांची नोंद केली होती. तथापि ५० रुग्णांवरील निरीक्षणांचा वकील यांचा निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. बोस्टनमधील रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर तिचा वापर सुरू केला. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली सर्पगंधेतून ‘रेसर्पिन’ हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन रक्तदाब उतरवत असे आणि रुग्णाला शांतही करत असे. हे नेमके कसे घडते, याचा शोध घेताना अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील पलेचर, शोर आणि ब्रॉडी यांना १९५५ साली आढळले, की या औषधाने शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि डोपामिन यांचेही साठे रिकामे करते, हे पुढे कळले. रक्तदाब उतरतो तो प्रामुख्याने नॉरअ‍ॅड्रेनॅलिन घटल्यामुळे. मात्र मेंदूतील एखाद्या रसायनाचे प्रमाण औषधाने बदलता येते आणि त्याबरोबर वर्तनही बदलते, ही कल्पना या प्रयोगांनी दृढ केली. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना औदासीन्य आल्याच्या नोंदींवरून नैराश्याचा संबंध या रसायनांशी जोडला गेला. तो संबंध मानला गेला तितका सरळ नाही, असे नंतरच्या फेरतपासणीत दिसले.

आकुंचक, पण नेहमीच नव्हे

ज्या गुणावरून सेरोटोनिनला नाव मिळाले, तो गुणही पुढील संशोधनात एकपदरी राहिला नाही. रक्तवाहिनीचे आतील अस्तर निरोगी असेल, तर सेरोटोनिन त्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड मोकळे करवते आणि वाहिनी रुंदही होऊ शकते. अस्तर दुखावलेले असेल, तर ते थेट स्नायूवर कार्य करून वाहिनी आकसवते. या दुहेरी वर्तनाचे कारण ग्राहींमध्ये आहे. पेशींवर सेरोटोनिन ओळखणारे ग्राही सात कुळांत विभागलेले असून त्यांचे किमान १४ प्रकार ज्ञात आहेत. उच्च रक्तदाबाचे मूळ कारण म्हणून मात्र सेरोटोनिन सिद्ध झाले नाही. ज्या रोगाच्या शोधात ते सापडले, त्या रोगाचा गुन्हेगार दुसराच निघाला.

निसर्गातही त्याचा वावर विस्तृत आहे. गांधीलमाशीच्या विषात ते असते, आणि कोकणातील रानात अंगाला लागल्यास असह्य कंड आणणाऱ्या खाजकुइलीच्या लवेतही ते १९५४ साली आढळले.

औषधांच्या दुकानात

ग्राहींचे हे वैविध्य औषधनिर्मितीस फलदायी ठरले. केमोथेरपीनंतर होणाऱ्या उलट्या थांबवणारे ऑनडॅनसेट्रॉन सेरोटोनिनच्या एका ग्राहीला अडवते. अर्धशिशीवरील सुमाट्रिप्टान दुसऱ्या ग्राहीला चालना देऊन डोक्यातील रक्तवाहिन्या आकसवते. म्हणूनच हृदयविकार असलेल्यांना ते दिले जात नाही. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मान्यता मिळाली. ते मज्जापेशींनी सोडलेले सेरोटोनिन परत शोषले जाऊ देत नाही.

या औषधांचा विचार करताना सेरोटोनिनचे रक्ताशी असलेले मूळ नाते विसरून चालत नाही. फ्लुओक्सेटिनच्या गटातील औषधे बिंबाणूंनाही सेरोटोनिन शोषू देत नाहीत. त्यामुळे त्यांचा साठा घटतो आणि रक्तस्रावाचा धोका काहीसा वाढतो. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके सोबत घेतल्यास तो आणखी वाढतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे प्रतिजैविक किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध यांच्याबरोबर ही औषधे घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर, स्नायूंचे झटके आणि गोंधळलेली अवस्था उद्भवू शकते. क्वचित हा प्रकार जिवावर बेततो. नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्यावी, हा सल्ला या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

लघवीच्या तपासणीतही सेरोटोनिनची गाठ पडते. आतड्यात वा फुफ्फुसात होणाऱ्या ‘कार्सिनॉइड’ नावाच्या गाठी हे द्रव्य भरमसाट तयार करू शकतात. चेहरा अचानक लाल होणे, जुलाब, धाप लागणे ही त्याची लक्षणे असून कालांतराने हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही जाड होतात. अशा रुग्णाच्या २४ तासांच्या लघवीत सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारे आम्ल मोजले जाते. केळी, अननस, टोमॅटो आणि अक्रोड यांत मुळातच सेरोटोनिन असल्याने तपासणीपूर्वी ते वर्ज्य करण्यास सांगितले जाते.

‘आनंदाचे रसायन’?

केळ्यातील हे सेरोटोनिन खाऊन मन प्रसन्न होते, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. तो निराधार आहे. रक्तातील सेरोटोनिन मेंदूभोवतालचा अडसर ओलांडत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून स्वतःच तयार करतो. त्यामुळे रक्तातील प्रमाण मोजून मनःस्थितीचा अंदाज बांधणेही चुकीचे ठरते.

सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येते, हे सूत्रही आता मान्य राहिलेले नाही. ब्रिटनमधील जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात या सूत्राला सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. या निष्कर्षावर तज्ज्ञांत वाद झाला. मात्र औषध उपयोगी पडते की नाही आणि रोगाचे कारण काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तापावर पॅरासिटामॉल लागू पडते, म्हणून शरीरात पॅरासिटामॉलची उणीव होती असे ठरत नाही. असे आढावे वाचून चालू गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. हा निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो.

शोधकर्त्यांपैकी आर्डा ग्रीन पुढे काजव्याच्या प्रकाशामागील विकराच्या स्फटिकीकरणात सहभागी झाल्या आणि १९५८ साली निवर्तल्या. पेज १९९१ साली आणि रॅपोर्ट २०११ साली मरण पावले. रक्तदाबाच्या प्रयोगातील एक अडथळा दूर करण्यासाठी त्यांनी जे द्रव्य वेगळे केले, त्यावर आधारलेली औषधे आज कर्करोगाच्या कक्षापासून मनोविकार विभागापर्यंत रोज लिहून दिली जातात.